वसंताच्या वाट्याचं शटर

माझा मित्र वसंता गेला त्या दिवशी, बाजारातल्या त्याच्या इमारतीचं शटर मी दुसऱ्याच कुणाच्या तरी तिरडीसाठी पाडायला लावलं. नुसतं शटर पाडून थांबलो असतो तर एक वेळ खपून गेलं असतं. मी ती तिरडी अडवली, उंबऱ्यासमोर टेकवायला लावली, हार वाहिला आणि अर्धा बाजार बघत असताना तिच्या पायांशी डोकं ठेवून हमसून हमसून रडलो. तेवढ्या वेळात खरा वसंता दुसऱ्या रस्त्यानं मोक्षधामात पोचलासुद्धा होता. या गोष्टीला आता दोनेक महिने होत आले. वर्ध्यात मी कुठंही गेलो की माझ्याआधी हा किस्सा तिथं जाऊन बसलेला असतो. लोक सांत्वनाला म्हणून येतात, चहा घेतात आणि ओठ दाबून परत जातात. म्हटलं, आता आपणच लिहून टाकावं. निदान या निमित्तानं वसंताबद्दल चार शब्द होतील… कारण आमच्या गावात सध्या त्याच्या मरणापेक्षा माझ्या रडण्याचीच चर्चा जास्त आहे.

त्या सकाळी वसंताच्या बायकोचा, सुमनवहिनींचा फोन आला. त्या रडत नव्हत्या. "मास्तर," त्या म्हणाल्या, "चहा ठेवला व्हता त्याईच्या उशाशी. घेतलाच नाई त्याईनं." मागं कुणाचा तरी नळ वाहत असल्याचा आवाज येत होता. मी पिपरी मेघेला त्यांच्या घरी पोचलो तेव्हा शेजारपाजार गोळा झाला होता आणि मुलगा निखिल पुण्याहून विमानानं निघाला होता. मी एका कोपऱ्यात उभा राहून काहीच न करण्याचं काम नीट करत होतो. वहिनींनी मला जवळ बोलावलं. "तुम्ही इथं काय करून राह्यले? तुम्ही तिकडं दुकानापाशी थांबजा. तुम्हाले सांगतलं व्हतं ना त्याईनं?"

सांगितलं होतं. आणि ते काम माझ्या एकट्यावरच सोपवलं होतं. पण ते काय, हे कळायला आमच्या बाजाराची एक रीत सांगायला हवी. रस्त्यानं प्रेतयात्रा निघाली की दुतर्फाचे दुकानदार शटर अर्ध्यावर ओढतात, यात्रा पुढं सरकली की पुन्हा वर ढकलतात. आणि गेलेला माणूस बाजारातलाच असेल तर खांदेकरी त्याच्या दुकानाच्या उंबऱ्यासमोर तिरडी क्षणभर टेकवतात, बाजू बदलतात. त्याला आमच्याकडं इसावा म्हणतात. त्या वेळी त्या दुकानाचं शटर मात्र पूर्ण खाली यावं लागतं, आतला दिवाही मालवावा लागतो. आपलं दुकान आता बंद झालं हे त्या माणसाला नीट कळावं, नाही तर तो दिवेलागणीला पुन्हा गल्ल्यावर येऊन बसतो, असं जुने लोक सांगायचे. वसंताला तेवढंच हवं होतं. पाच मिनिटांचं शटर.

आता ती इमारत. वर्ध्याच्या बाजारात कुणालाही विचारा, ती कुठं आहे ते सांगेल, पण प्रत्येक जण वेगळंच नाव सांगेल. म्हातारी माणसं तिला पेढी म्हणतात, माझ्या वयाची कापडाचं दुकान म्हणतात, पन्नाशीतले लॉज म्हणतात, चाळिशीतले टायपिंग म्हणतात आणि आताची पोरं… आताची पोरं तिला त्या तयार कपड्यांच्या कंपनीच्या नावानं ओळखतात, ते नाव मला नीट उच्चारता येत नाही. खाली काळा दगड, वर विटांचा मजला, रस्त्याकडं लाकडी कठड्याची लांबलचक गॅलरी. वसंताच्या लहानपणी खाली रुईच्या गाठींची थप्पी असायची आणि पुढच्या ओटीवर पांढऱ्या गाद्या-तक्क्यांवर त्याचे वडील बसायचे. ते कापसाचे दलाल. दोन माणसांचे हात एका रुमालाखाली घेऊन, बोटं दाबून ते भाव ठरवायचे. तोंडानं मात्र पावसापाण्याच्या गप्पा चालू. आम्ही शाळेतून येता येता तिथं रेंगाळायचो, आणि घरी येऊन फडक्याखाली बोटं दाबून गोट्यांचा व्यवहार करायचो. त्यात मी दर वेळी हरायचो, कारण मला नेमकं कुठलं बोट दाबलं तेच कळायचं नाही. वसंता म्हणायचा, "तू दलाल नाई होऊ शकत बे. तू मास्तर होजो."

झालोही तसाच. ड्रॉइंगचा मास्तर. सरकारनंच कापूस घ्यायला सुरुवात केल्यावर रुमालाखालचे हात थांबले, पेढीची गादी गुंडाळली गेली आणि वसंताच्या वडलांनी उरलेलं आयुष्य त्याच ओटीवर, रुमाल खांद्यावर टाकून, येणाऱ्या-जाणाऱ्याकडं बघत काढलं. वसंतानं मात्र हाय खाल्ली नाही. त्यानं खाली कापडाचं दुकान टाकलं आणि पाटी रंगवायला मला बोलावलं. त्या इमारतीवरचं माझं पहिलं काम ते. मी मोठ्या उत्साहानं दारावरच्या भिंतीवर कमळात बसलेली लक्ष्मी काढली. दसऱ्याला उद्घाटन झालं, पेढे वाटले, आणि तेवढ्यात एका गिऱ्हाइकाच्या पोरीनं लक्ष्मीच्या उजव्या हाताची बोटं मोजली. सहा निघाली. शिडी आण, चुना आण, असं मी करायला लागलो, तर वसंतानं मला थांबवलं. "राहू दे. देवीनं एक बोट जास्त देल्लं, असं सांगू." मग पुढची कित्येक वर्षं लोक सहा बोटांची लक्ष्मी पाहायला आष्टीपासून येत, आणि आलेच आहेत तर पातळ घेऊन जात.

तयार कपड्यांनी ते दुकान बसलं, तेव्हा त्यानं वरच्या मजल्यावर लॉज काढलं. सेवाग्रामच्या दवाखान्यात रोगी भरती करून आलेले नातेवाईक, कोर्टकचेरीची माणसं, अशांसाठी. मी बोर्डावर मोठा लाल बाण काढला. बोर्ड मी घरी जमिनीवर ठेवून रंगवला होता, आणि लॉजचा जिना आपल्याला वाटतो त्या बाजूला नसून दुसऱ्या बाजूला आहे हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. पहिल्या दिवशी तीन पाहुणे बाणाच्या दिशेनं गेले आणि शेजारच्या जोश्यांच्या घरात चढले. एकानं तर पिशवी ठेवून, पाय धुऊन, खाट मागितली. जोशीकाकूंनी त्याला जेवायला वाढलं होतं, आणि मग माझ्या घरी येऊन मला जे वाढलं ते मी इथं लिहू शकत नाही. वसंता हसून हसून गॅलरीत बसकण मारून होता. पुढं टायपिंग आलं. तिथं मी टंकयंत्राचं सुंदर चित्र काढलं आणि त्याच्या कळा अ, आ, इ, ई अशा ओळीनं रंगवल्या. टायपिंगचे सर मला भेटले की नमस्कार करायचे, पण तो नमस्कार कशाचा हे मला ठाऊक होतं. नंतर संगणक आले, शिकवण्या आल्या, आणि बोर्ड रंगवायची गरजच संपली. नागपूरहून छापलेलं फ्लेक्स गुंडाळून यायचं. इमारतीनं धंदे बदलले तसा मीही त्या इमारतीच्या उपयोगातून गेलो, म्हणा.

हे सगळं मला फार लागायचं. प्रत्येक बदलाच्या वेळी मी जाऊन हळहळायचो. वसंताला त्याचा वैताग यायचा. "इमारत म्हंजे गंज असते," तो म्हणायचा. गंज म्हणजे आमच्याकडचं पातेलं. "आज त्यात वरन, उद्या भाजी. गंज घासाचा अन् पुन्हा चुलीवर ठेवाचा. वरन संपलं म्हून कोनी गंजाच्या गळ्यात पडून रडते काय? तू काऊन रडून राह्यला?" मला मात्र दिसायचं की इतके गंज घासून झाले तरी त्यानं एक गोष्ट बदलली नव्हती. दाराच्या मागं, खुंटीला, शटर ओढायची लोखंडी आकडी टांगलेली असायची. हातभर लांब सळई, टोकाला वळवलेली, धरायच्या जागी कापडाच्या दुकानातली जुनी किनार गुंडाळलेली. प्रेतयात्रेचा आवाज कानावर आला की वसंता जे करत असेल ते टाकून उठायचा. चपला काढायचा, आकडी अडकवायचा, शटर अर्ध्यावर आणायचा आणि रस्त्याच्या कडेला अनवाणी उभा राहायचा. यात्रा रामनाम म्हणत चाललेली असो, बुद्धवंदना म्हणत चाललेली असो की कलमा पढत. लॉजच्या दिवसांत तर दवाखान्यातून कुणाला घेऊन गावाकडं निघालेल्या अँब्युलन्ससाठीही त्यानं शटर ओढलेलं मी पाहिलंय. आणि यात्रेतल्या शेवटच्या माणसाला तो हटकून विचारायचा, "कोन गेलं जी?" नाव कळलं की मान हलवून म्हणायचा, "चांगलं मानूस व्हतं."

एकदा मी विचारलं, "तू ओळखत होतास?"

"नाई."

"मग चांगलं माणूस कशावरून?"

"अबे, कोनाचं तं असन ना चांगलं," तो म्हणाला आणि शटर वर ढकलून पुन्हा कापड मोजायला लागला.

काही वर्षांमागं ती इमारत त्यानं आणि त्याच्या नागपूरच्या चुलतभावांनी त्या कपड्यांच्या कंपनीला भाड्यानं दिली. सगळ्यात शेवटी सही वसंताची. त्यानं पिपरीला बैठं घर बांधलं, दारात लिंबाचं झाड लावलं आणि आकडी सोबत नेली. कंपनीवाल्यांनी इमारतीला पुढून चकचकीत पत्रे ठोकले, कठडा झाकला, दगड झाकला. माझी सहा बोटांची लक्ष्मीही त्या पत्र्याआड गेली. ती अजून तिथंच आहे. आत गार हवा, वर मोठ्यानं गाणी, दारात निळ्या कपड्यातला पहारेकरी. नवीन शटर बटणावर चालतं, त्याला आकडी लागत नाही. "बघ," वसंता मला म्हणाला, "पुन्हा गंज घासला." पण या खेपेला त्याचा आवाज थोडा वेगळा होता, की मला तसा वाटला… सांगता येत नाही. तो आठवड्यातून दोनदा बाजारात यायचा, आणि आला की आत एक चक्कर टाकायचा. कपडे बदलायच्या खोल्यांबाहेर एक गादीचा स्टूल आहे, त्यावर बसायचा. पहारेकरी विचारायचा, "काय पायजे अंकल?" वसंता म्हणायचा, "काही नाई बाप्पा, बसून राह्यलो." मालकाला स्वतःच्या घरात बसायला कारण द्यावं लागतं हे मला खुपायचं. त्याला खुपत नव्हतं. निदान तसं तो म्हणायचा.

त्याला खुपलं ते त्या एका दिवशी. समोरचा चहावाला गेला होता. आयुष्यभर त्या इमारतीतल्या दर धंद्याला त्यानंच चहा पुरवलेला, पेढीपासून शिकवणीपर्यंत. आम्ही दोघं फुटपाथवर उभे होतो. यात्रा आली, आजूबाजूची शटरं अर्ध्यावर उतरली, आणि आमच्या मागं ती काच तशीच लखलखत राहिली. दार उघडं-बंद होत होतं, आतून गाणं बाहेर येत होतं. वसंतानं चपला काढल्या, मागं वळला आणि दोन्ही हात वर केले. शटरची कडी शोधत होता. तिथं गुळगुळीत पत्रा. त्याची बोटं त्या पत्र्यावरून फिरली, पुन्हा फिरली, आणि हात तसेच वर ठेवून तो थोडा वेळ उभा राहिला. आतल्या पोरी काचेतून बघत होत्या, या म्हाताऱ्याला काय झालं म्हणून. यात्रा निघून गेली तरी त्यानं "कोन गेलं" विचारलं नाही. विचारायची गरज नव्हती म्हणा.

घरी लिंबाखाली बसल्यावर म्हणाला, "मास्तर, तू म्हने तसा मी पक्का नाई."

"मी कधी म्हटलं?"

"गंजाचं खरंच आहे. मी आतापरतं तसंच मानतो. पन मले असं वाटून राह्यलं का त्या इमारतीले मी गेलो हे कळन का नाई कळन?" मग लिंबाची पानं चुरगाळत बसला. "माह्या टाइमाले थे शटर पाडजो. पूर्न. थे गानं बंद, लाइट बंद. पाच मिनिटं. बाकी मले काहीच नाई पाह्यजे."

मी म्हटलं, "निखिलला सांग ना."

"थो पुन्याचा झाला. त्याले ह्या गोष्टी सांगाले गेलो तं थो मले डॉक्टरकडं नेईन. तूच कर." आणि मग माझ्याकडं नीट बघून, "पन गोंधळ नको घालजो."

ती आमची शेवटची नीट भेट.

तर त्या दिवशी मी हार घेऊन दुकानात गेलो. आत सणाची सूट चालू होती, उभं राहायला जागा नव्हती. मॅनेजर अंकित म्हणून पंचविशीतला पोरगा आहे, नागपूरचा. मी त्याला सगळं सांगितलं. बहुधा नीट सांगितलं नाही, कारण त्याला आधी वाटलं हार दुकानाच्या देवीला आणलाय. मग त्याला समजलं. "ते स्टूलवर बसायचे ते अंकल?" म्हणाला. त्यानं वर कॅमेऱ्याकडं पाहिलं, घड्याळाकडं पाहिलं. "सेलच्या दिवसात बंद नाही करता येत. वरून बघत राह्यतात. पण करू. पाच मिनिट. तुम्ही हात दाखवा, मी बटन दाबतो." त्या पोराचे उपकार मी विसरणार नाही.

ठरलं असं होतं की पिपरीहून वसंताला गाडीनं चौकापर्यंत आणायचं, तिथून खांद्यावर बाजारातून, दुकानासमोर इसावा, आणि पुन्हा गाडीनं मोक्षधाम. निखिलनं दोनच्या सुमारास असं सांगितलं होतं. मी दारात उभा राहिलो. अशा प्रसंगी खिशात फोन वाजणं बरं दिसत नाही म्हणून तो बंद करून टाकला. डोळे सारखे भरून येत होते म्हणून चष्मा काढून खिशात ठेवला. हे दोन्ही निर्णय मी पूर्ण विचारान्ती घेतले होते, हे नमूद करतो.

दोनला जरा कमी असताना चौकाच्या बाजूनं रामनाम ऐकू आलं. धूसर पांढरे सदरे, गुलाल, पुढं मडकं. मी हात वर केला. माझ्या मागं गाणं थांबलं, दिवे गेले, आणि ते शटर आवाज न करता सावकाश खाली येऊ लागलं. आतली पाच-पन्नास माणसं अंधारात उभी असणार. मी रस्त्याच्या मधोमध गेलो आणि म्हणालो, "टेकवा." खांदेकरी गोंधळले. पण मागं एवढं मोठं दुकान बंद होतंय आणि पुढं हार घेतलेला रडका म्हातारा उभा आहे, अशा वेळी माणसं प्रश्न विचारत नाहीत. त्यांनी टेकवली. वर हिरवं लुगडं होतं, ते मला कुणी तरी पांघरलेली शाल वाटली. मी पायांशी बसलो, हार वाहिला, डोकं टेकवलं आणि म्हणालो, "पाडलं बे… पाडलं तुह्यं शटर." आणि मग जे रडू आलं ते आवरेना. बऱ्याच वेळानं डोळे पुसून वर पाहिलं तर समोर दोन लहानसे पाय. बोटांत चांदीची जोडवी.

पहिल्यांदा माझ्या मनात काय आलं असेल? वसंतानं जोडवी कधी घातली, हे. मग मी खिशातून चष्मा काढून लावला.

तिरडीमागून चालणारा म्हातारा माझ्यापाशी आला. डोक्याला टॉवेल बांधलेला, पायाला धूळ. त्यानं माझा हात धरला. "तुम्ही तिले ओळखत होते जी?" माझी मान हलली. होकारार्थी हलली, त्याला मी काही करू शकलो नाही. "थे कधी आत आली नाई तुमच्या दुकानात," तो म्हणाला. "बजाराले आली का बाहीरून पाहे. काचेतून." मग खांदेकऱ्यांनी बाजू बदलली आणि ते निघून गेले. मागं शटर वर चढलं, दिवे आले, गाणं जिथं थांबलं होतं तिथून पुढं सुरू झालं. मी यात्रेतल्या शेवटच्या माणसाला विचारलंही नाही, कोण गेलं म्हणून.

फोन चालू केला तर निखिलचे फोनच फोन. गटारासाठी चौकातला रस्ता खोदला होता, गाडी वळेना, ते सरळ निघून गेले होते. मी पोचलो तेव्हा अग्नी देऊन झाला होता. लाकडं चांगली पेटली होती. निखिलनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "काका, आम्ही थांबलो होतो हो, पण… आणि बाबांचं ते शटरचं? पडलं का?"

"पडलं," मी म्हणालो. ते खरंच होतं.

त्यानंतर मी जे केलं ते सुधारायच्या नादात केलेलं, आणि माझ्या सुधारणा कशा असतात ते वर आलंच आहे. तेरवीच्या आदल्या दिवशी मी पुन्हा अंकितकडं गेलो. म्हटलं, फोटो घेऊन येतो, दोन मिनिटं पाड. त्याचा चेहरा पडला. वरून त्याला चांगलाच दम मिळाला होता, सेलच्या ऐन दुपारी दुकान अंधारात का म्हणून. "अंकल, मी केलं असतं… पण नोकरी जाईल." मी तसाच मागं फिरलो. वसंतानं त्या पोराला कधीच अडचणीत टाकलं नसतं. म्हणजे ते एकच शटर होतं, पुन्हा न मिळणारं, आणि ते मी खर्चून बसलो होतो. रात्री अंथरुणावर पडलो की मला ते वर केलेले हात दिसतात. पत्र्यावरून फिरणारी बोटं. इमारतीला कळलं की नाही कळलं, हा प्रश्न त्यानं मला विचारला होता, आणि उत्तर द्यायची संधी एकदाच होती.

दुसरी सुधारणा म्हणजे मी त्या म्हाताऱ्याचं घर शोधलं. किसनाजी त्यांचं नाव. खरं सांगायला गेलो होतो. त्यांनी खाट टाकली, सुनेला चहा ठेवायला सांगितलं. मी सगळं सांगितलं, अगदी चष्म्यापासून. ते ऐकून घेत राहिले. शेवटी म्हणाले, "चुकून टेकली तरी टेकली तं खरी. आता तुम्ही थे उचलून घेऊन जाऊ शकत नाई." आणि मग, "तिचं नाव अनसूया." मी हे पेपरात लिहू का विचारलं तर म्हणाले, "लिहाना. तेवढंच तिचं नाव पेपरात येईन."

राहता राहिल्या सुमनवहिनी. त्यांना निखिलनं शटर पडल्याचं सांगितलं होतं, आणि त्या समाधानात होत्या, म्हणून मी गप्प होतो. पण तेरवीला स्वयंपाकाच्या बायकांमध्ये किस्सा पोचला आणि पुऱ्या तळता तळता त्यांच्या कानावर गेला. मला बोलावणं आलं नाही. ते जास्त वाईट. मीच परवा धीर करून पिपरीला गेलो. वहिनी अंगणात लिंबं काढत होत्या. हातात ती आकडी, मुठीशी तीच जुनी किनार, आता काळी झालेली. फांदीला आकडी अडकवायची, खाली ओढायची, लिंबू तोडायचं, फांदी सोडून द्यायची. शटर ओढायचा तोच झटका, वसंताच्याच हातचा. मला बघून त्या थांबल्या नाहीत.

मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. त्या लिंबं तोडत राहिल्या. मला ते झेपेना, म्हणून मी आणखी बोललो, जे बोलायला नको होतं ते. म्हणालो, "वहिनी, एका अर्थी बघा, वसंतानंही आयुष्यभर अनोळखी माणसांसाठीच शटर पाडलं. त्याच्या वाट्याचं एका अनोळखी बाईला गेलं. त्याला ते आवडलंच असतं…"

फांदी सुटून वर गेली, पानं सळसळली. वहिनींनी आकडी भिंतीला टेकवली आणि पहिल्यांदा माझ्याकडं पाहिलं.

"पाडलं त्याईनं लोकायसाठी, जल्मभर पाडलं," त्या म्हणाल्या. "पन आंधी इचारे तं, 'कोन गेलं जी?' तुमच्यानं तेवढंबी झालं नाई, मास्तर."